पावसात सगळ्या गोतावळ्यासोबत कॅम्पिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजी-आजोबा, काका-काकू, मावशी, आत्या आणि सगळी चिल्लीपिल्ली घेऊन तंबूत राहायला जायचं ठरतं, आणि नेमका अंदाजात पाऊस दिसायला लागतो. मग फॅमिली ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते: मुलं ओली होणार हे धरूनच चालायचं, फक्त त्यांना गार पडू द्यायचं नाही. खालची बहुतेक उत्तरं यातूनच येतात.

अंदाजात पाऊस आहे, ट्रिप कॅन्सल करायची का?

नुसता पाऊस असेल तर नाही. पण पाऊस कसला आहे ते नीट बघा. रिपरिप किंवा दिवसभराची संततधार असेल तर तयारी करून मजेत राहता येतं. गडगडाट आणि विजा, सोसाट्याचा वारा, किंवा पुराचा इशारा यातलं काहीही असेल तर सरळ पुढची तारीख घ्या, त्यात चर्चा नको. आणि अजून एक गोष्ट लोक बघत नाहीत ती म्हणजे रात्रीचं तापमान. थंडीचा त्रास व्हायला बर्फच पडायला पाहिजे असं काही नाही, १० अंशांवर पाऊस आणि वारा एकत्र आले आणि अंगावर ओले कपडे असले तरी लहान मूल धोकादायकरीत्या गार पडू शकतं. उबदार रात्र आणि पाऊस, चालेल. गार रात्र, वारा आणि पाऊस असेल तर लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी घरी थांबावं.

परत निघायचं हे कोण ठरवणार? आमच्यात यावरून वाद होतात.

हे घरून निघायच्या आधी ठरवा. तिथे गेल्यावर रात्री अकराला, सगळे दमलेले, कोणीतरी म्हणतं थांबू थोडं, कोणी म्हणतं आत्ताच निघू, आणि वयाने मोठा कोण, मान कुणाचा हे सुरू होतं. त्यापेक्षा एका माणसाला आधीच सांगून ठेवा की तू निघू म्हणालास की आम्ही निघणार, प्रश्न विचारणार नाही. तो माणूस वयाने सगळ्यात मोठा असायची गरज नाही, जो शांत राहतो आणि मुलांकडे ज्याचं लक्ष असतं तो पाहिजे. सोबत दोन-तीन ठाम कारणंपण ठरवून टाका: विजा जवळ आल्या, कोरडे कपडे संपले, पाणी वाढायला लागलं, की निघायचं. कारण आधीच ठरलेलं असलं की कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि निघताना कुणी रुसून बसत नाही. गाड्या निघायच्या दिशेने तोंड करून लावा, चाव्या ठरलेल्या एकाच जागी ठेवा.

तंबू कुठे लावायचा? नदीकाठी फार छान वाटतं.

छान वाटतं हे खरं, पण पावसात नदीकाठ नको. वर डोंगरात पाऊस झाला की खाली एक थेंबही पडलेला नसताना पाणी वाढू शकतं, आणि ते रात्री, सगळे झोपेत असताना वाढतं तेव्हा फार कमी वेळ मिळतो. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब आणि उंचावर राहा. कोरडा ओढा, खोलगट जागा, दोन उतारांच्या मधली घळ, इथे अजिबात नाही. जमिनीकडे बघितलं की कळतं: पाचोळा एका रेषेत साठलाय, बारीक वाळू पसरलीय, म्हणजे इथून पाणी वाहून गेलंय.

थोडा उतार असलेली, गवताची जागा चांगली. झोपताना डोकं उताराच्या वरच्या बाजूला. वर बघायला विसरू नका, वाळलेली किंवा मोडून लटकलेली फांदी पावसाने जड होऊन खाली येते, त्यामुळे तशा झाडाखाली तंबू नाही. तंबूभोवती चर खणायची पद्धत जुन्या लोकांना माहीत असते, आजोबा फावडं मागतील, पण त्याने जमीन खराब होते आणि बऱ्याच कॅम्पसाइटवर ते चालत नाही. जागा नीट निवडली तर चर लागतच नाही.

आणि परतीच्या रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. १५ सेंटीमीटर जोराचं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, ३० सेंटीमीटर पाणी छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं.

टेंटवर वॉटरप्रूफ लिहिलंय, तेवढं पुरे ना?

त्याच्यासोबत मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो तो बघा. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही, त्याचा तो आकडा. वरच्या कव्हरला २००० ते ३००० असेल तर साधारण पावसात पुरतं, तळाला मात्र जास्त हवा, कारण आपण गुडघा किंवा कोपर टेकतो तेव्हा कापडावर खूप जास्त दाब येतो. कापड चांगलं असूनही शिवणीतून गळतं, म्हणून शिवणींवर आतून टेप चिकटवलेली आहे का आणि ती सुटत तर नाहीये ना हे घरीच बघून घ्या. अंगणात किंवा गच्चीवर तंबू उभा करून वरून पाणी मारून बघणं हा सगळ्यात चांगला उपाय, मुलांना हे काम द्या, आनंदाने करतात.

नायलॉनचं कव्हर ओलं झालं की ताणतं आणि सैल पडतं. ते आतल्या कापडाला टेकलं की पाणी आत झिरपतं. म्हणून झोपायच्या आधी एकदा बाहेर जाऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. पॉलिस्टर कमी सैल पडतं, तरी बघून यायचंच.

तंबूखाली प्लास्टिक अंथरू का?

अंथरा, पण तंबूच्या तळापेक्षा थोडं लहान. बाहेर डोकावणारा प्रत्येक कोपरा पाऊस गोळा करतो आणि नेमका तुमच्या पाठीखाली आणून सोडतो.

पाऊस आत येत नव्हता तरी सकाळी आतून सगळं ओलं होतं, हे कसं काय?

ते तुमच्याच श्वासाचं पाणी. चार-पाच जण रात्रभर एका बंद तंबूत झोपले की श्वासातली आणि घामाची वाफ गार कापडावर जाऊन थेंब होते. गळतंय समजून लोक सगळ्या झिपा अजून घट्ट लावतात आणि मग जास्तच ओलं होतं. वरच्या खिडक्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही अशा असतात त्या, उघड्या ठेवा. ओले रेनकोट, ओले बूट, ओले टॉवेल आत घ्यायचे नाहीत. स्लीपिंग बॅग भिंतीला टेकू देऊ नका, लहान मुलं झोपेत गडगडत भिंतीला जातात म्हणून त्यांना मधे झोपवा. एक कोरडं फडकं हाताशी ठेवा, सकाळी भिंती पुसून घेतल्या की झालं.

सगळ्यात महत्त्वाची एक वस्तू कोणती?

मोठी ताडपत्री. किंवा टार्प म्हणा. तंबू झोपायला असतो, पण दहा-बारा माणसांनी पावसात दिवस काढायचा तर सगळ्यांना एकत्र बसता येईल असं एक छप्पर पाहिजे, नाहीतर प्रत्येक कुटुंब आपापल्या तंबूत कोंडून बसतं, मुलं रडकुंडीला येतात आणि गोतावळा घेऊन आल्याचा काही उपयोगच राहत नाही. पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर मी नेहमी म्हणते की तंबू थोडा साधा चालेल, ताडपत्री मोठी घ्या.

पोचल्या पोचल्या सगळ्यात आधी ताडपत्रीच लावायची. मग तिच्याखाली सामान, आजी-आजोबांच्या खुर्च्या आणि मुलं, आणि मग सावकाश तंबू. पाऊस पडत असेल तर तंबूपण ताडपत्रीखालीच उभा करून मग उचलून जागेवर न्यायचा, म्हणजे आतला भाग कोरडा राहतो.

लावताना दोन झाडांमधे किंवा खांबांमधे एक दोरी घट्ट ताणा, तिच्यावर ताडपत्री टाका आणि कोपरे बांधा. सपाट अजिबात बांधायची नाही. एक बाजू स्पष्ट खाली पाहिजे, म्हणजे पाणी एकाच ठिकाणाहून, आपल्याला पाहिजे तिथून पडेल. सपाट ठेवली की मधे झोळ पडतो, त्यात पाणी साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ४० लिटरचं डबकं म्हणजे ४० किलो वजन मुलांच्या डोक्यावर लटकतंय. झोळ दिसला की काठीने खालून ढकलून रिकामा करा आणि लगेच दोरी ताणा. ज्या दोरीवर ताडपत्री टाकलीय तिच्यावरूनपण पाणी ओघळत आत येतं, त्यासाठी ताडपत्रीच्या कडेच्या जरा बाहेर त्या दोरीला सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडा, पाणी तिथूनच खाली टपकतं. छोटी गोष्ट आहे पण खालचं सगळं सामान वाचतं. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, अंधारात दोरीत पाय अडकून पडणारे खूप असतात.

पाणी जिथे पडतं तिथे बादली ठेवली की हातपाय आणि भांडी धुवायला पाणी मिळतं. पिऊ नका ते.

मुलांना काय घालायचं?

जीन्स आणि सुती टीशर्ट नको, हे आधी. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओल्या कपड्यातलं मूल आणि कोरड्या कपड्यातलं मूल एकाच जागी उभी असली तरी दोघांची थंडी वेगळी असते. अंगालगत पॉलिस्टरचे खेळाचे कपडे, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर रेनकोट. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषते तरी ओली लागत नाही, म्हणून आजीने विणलेला स्वेटर इथे खरंच कामाचा. छत्री मुलांच्या हातात टिकत नाही. गमबूट घ्या, आणि मोजे जेवढे वाटतात त्याच्या दुप्पट.

आता खरा मुद्दा. प्रत्येक मुलाचा एक पूर्ण कोरडा जोड, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, एका झिपच्या किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर नाव लिहून, आणि ती पिशवी फक्त झोपताना उघडायची. दिवसा कितीही हट्ट केला, कितीही भिजले, तरी नाही. दिवसभर ओलं राहणं मुलांना झेपतं, झोपताना कोरडं मिळणार असेल तर. आत्या किंवा मामा मायेने ती पिशवी दुपारीच उघडून देतात, त्यामुळे हा नियम मोठ्यांनापण सांगून ठेवा. एक जास्तीची पिशवी गाडीत राहू दे.

मुलं चिखलात लोळतात, अडवायचं का?

अडवू नका. त्यासाठीच तर आणलंय त्यांना. उबदार असतील, खेळत असतील, हसत असतील तर खेळू द्या, चिखल धुता येतो. फक्त मधून मधून जवळ बोलवून हात धरून बघायचे, मानेला हात लावायचा, काहीतरी खायला द्यायचं आणि परत सोडायचं. खेळून झालं की लगेच ओले कपडे काढायचे, कारण धावायचं थांबलं की ऊब तयार होणं कमी होतं आणि दहा मिनिटांत मूल कुडकुडायला लागतं. तंबूच्या दारात एक चटई, बूट बाहेर, कपडे बाहेर, पुसून आत, एवढी शिस्त मात्र सगळ्यांनी पाळायची, काकांनीसुद्धा.

थंडी नुसती वाजतेय की धोका आहे, कसं ओळखायचं?

हे उत्तर सगळ्यांनी वाचा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात, कारण वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त, आणि खेळाच्या नादात ती सांगतपण नाहीत. सुरुवातीला कुडकुडणं, ओठ निळसर, चिडचिड. पुढे बोटं नीट चालत नाहीत, झिप लावता येत नाही, बोलणं अडखळतं, पाय लडखडतात, मूल गप्प आणि सुस्त होतं. मघापर्यंत मस्ती करणारं पोर एकदम शांत बसलं तर दमलं असेल म्हणून सोडून देऊ नका, जाऊन बघा. आणि कुडकुडणं थांबलं पण मूल सुस्तच आहे तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही, तब्येत बिघडत चाललीय.

करायचं काय: वाऱ्यापावसातून आत घ्या, सगळे ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली मॅट टाका, आणि एखाद्या मोठ्या माणसाने त्याला अंगाशी घेऊन पांघरुणात बसा. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर कोमट गोड काहीतरी प्यायला द्या. हातपाय जोरात चोळायचे नाहीत, शेकोटीच्या अगदी जवळ न्यायचं नाही, मोठ्या माणसालाही ऊब म्हणून दारू द्यायची नाही. बोलणं अडखळतंय, गुंगी आहे, किंवा कुडकुडणं थांबलंय तर डॉक्टरकडेच, थांबून बघू असं नाही.

विजा चमकायला लागल्या तर?

तंबू आणि ताडपत्री विजेपासून अजिबात वाचवत नाहीत. पक्की इमारत नाहीतर धातूच्या टपाची, काचा बंद केलेली गाडी, या दोनच जागा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच गाडीत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. एकट्या उंच झाडाखाली, पाण्यात, टेकडीच्या माथ्यावर थांबायचं नाही. कोणतं मूल कोणत्या गाडीत हे आधीच ठरवून ठेवा, सगळी भावंडं एकाच गाडीत कोंबायला धावतात आणि मोजदाद चुकते.

बाहेर पाऊस आहे, तंबूतच स्टोव्ह लावला तर?

नाही. दार उघडं ठेवूनही नाही, दोन मिनिटांसाठीही नाही, आणि ऊब म्हणून निखाऱ्याची शेगडी तर मुळीच नाही. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, विझत आलेले निखारेसुद्धा तो सोडत राहतात आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी एकदम दोघातिघांना सुरू झाली तर सगळ्यांना उघड्यावर काढा आणि मदत बोलवा. शिवाय तंबूचं कापड पेट घ्यायला क्षणभर पुरतो. स्वयंपाक ताडपत्रीखाली, सगळ्या बाजू मोकळ्या ठेवून, कडेला, मुलांच्या वाटेपासून लांब.

जेवणाचं काय करायचं?

एका भांड्यात होणारं करा, चिरणं-निवडणं घरून करून न्या. पावसात भूक लवकर लागते आणि ऊब खाण्यातूनच येते, त्यामुळे तीन मोठ्या जेवणांपेक्षा थोडं थोडं सारखं देत राहायचं, आणि झोपायच्या आधी मुलांना काहीतरी नक्की. शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. प्यायचं पाणी घरून न्या, नाहीतर खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं.

तान्ह्या बाळाला न्यावं का?

माझं मत, पावसात पहिली रात्र बाळासोबत काढू नका, दिवसा या आणि संध्याकाळी परत जा. न्यायचंच असेल तर थरांचे कपडे घाला, बाळाला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत किंवा सुट्ट्या पांघरुणात झोपवू नका, तोंड झाकलं जायचा धोका असतो. बाळाचे हातपाय तसेही गार असतात, छाती आणि मान तपासा. गार पडलेलं बाळ कुडकुडेलच असं नाही, त्वचा लालसर आणि थंड लागते, बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. असं दिसलं तर क्षणभरही थांबू नका.

आजी-आजोबांना झेपेल का?

झेपतं, पण त्यांची खरी भीती घसरून पडण्याची. त्यांचा तंबू टॉयलेटच्या वाटेजवळ, उंच खाट किंवा जाड मॅट, पाठ असलेली खुर्ची, प्रत्येकाचा स्वतःचा हेडलॅम्प. वयामुळे थंडी वाजल्याचं उशिरा जाणवतं, म्हणून नको म्हणाले तरी शाल अंगावर टाकाच. औषधं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि कुठे ठेवलीत हे त्यांच्याशिवाय अजून एकाला माहीत असू दे.

रात्री मुलं थंडीने उठतात, पांघरूण तर भरपूर होतं.

थंडी बहुतेकदा खालून येते. हवा भरलेली साधी गादी आतून गार पडते, तिच्यावर फोमची मॅट किंवा घोंगडी टाका. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की चपटी होते आणि ऊब जाते, पावसात सिंथेटिक बरी. मोठ्या मुलांना गरम पाण्याची बाटली, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून द्या. आणि झोपायच्या आधी सगळ्यांना शू करायला न्या, पाऊस पडत असला तरी.

दिवसभर पाऊस आहे, मुलं कंटाळली तर?

चुलत-मावस भावंडं एकत्र आली की कंटाळा फार टिकत नाही, जागा द्या फक्त. पत्ते, भेंड्या, आजोबांच्या लहानपणच्या गोष्टी, काठ्यापानांच्या होड्या, ताडपत्रीवरून पडणाऱ्या पाण्याखाली भांडी लावून कुणाचं आधी भरतं. कामं द्या त्यांना: झोळ बघणारा एक, बूट ओळीत लावणारा एक. मोबाइल देऊच नका असं मी म्हणणार नाही, पण बॅटरी रात्रीसाठी आणि अडचणीसाठी राखून ठेवा.

मोठ्यांचं जास्त अवघड असतं खरं तर. एकाच जाऊबाईंवर सगळा स्वयंपाक आणि बाकीचे पाऊस बघत बसलेत असं झालं की दुसऱ्या दिवशी घुसमट दिसतेच. भांडी, पाणी, मुलांची अंघोळ, सगळ्यांच्या पाळ्या लावा, पुरुषांच्यापण, आणि कागदावर लिहून लावा.

घरी आल्यावर तंबू तसाच ठेवला तर चालेल ना, नंतर वाळवू?

त्याच दिवशी उघडा. ओला गुंडाळलेला तंबू एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागतो, तो वास जात नाही आणि डागही जात नाहीत. ऊन नसेल तर घरातच दोरीवर, दारांवर, पंख्याखाली पसरून ठेवा, शिवणी आणि कोपरे सगळ्यात शेवटी वाळतात ते हाताने चाचपून बघा. चिखल वाळला की ब्रशने झाडा, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आतला थर निघतो. खुंट्या धुऊन पुसून वेगळ्या पिशवीत. आणि सामान भरताना प्रत्येकाच्या त्या कोरड्या जोडाच्या पिशवीत काय कमी पडलं ते लगेच लिहून ठेवा, पुढच्या वेळी कुणालाच आठवत नसतं.